काश्यप गोत्राचे लोक

"ही गाठोडी कसली?" टेंब्यांनी विचारलं.

विचारताना त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी वर केली. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेवटच्या भिंतीला फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यांवर जुन्या लुगड्यांत, टॉवेलांत बांधलेली गाठोडी ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता.

"मान्सांची हायेत," कोष्टीअण्णा म्हणाले. "ज्यांला आमी पोचवलं त्यांची. अंगावरली कापडं, चपला, खिशात काय गावलं आसंल ते."

"आणि हे तुम्ही ठेवता?"

"ठिवतो की."

"किती दिवस?"

"मानूस येईस्तवर."

टेंबे हसले. त्यांचं हसणं फार छान होतं. मी मनात म्हटलं, चला, अर्धं काम झालं. देणगी देणाऱ्यांचं हसणं वाचायची मला सवय होती. माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि गावातल्या झाडून सगळ्या संस्थांचे अर्ज माझ्याकडेच टाइप व्हायचे. त्यातल्या बाकीच्या संस्थांकडून मी पैसे घ्यायचे. अण्णांकडून चहा घ्यायचे, तोही मीच करून.

अण्णांची संस्था म्हणजे 'अखेरची सोबत'. कृष्णाकाठच्या आमच्या गावाला मोठं एसटी स्टँड आहे, रेल्वे आहे, कालवा आहे, त्यामुळे बेवारस प्रेतंही आहेत. पोलिसांचा पंचनामा व्हायचा, ठरलेली मुदत संपायची, मग सरकारी दवाखान्यातून अण्णांना निरोप यायचा. अण्णा जात, आंघोळ घालत, नवं कापड पांघरत आणि रीतसर अग्नी देत. पूर्वी ते मागावर लुगडी विणायचे. त्यांचा भाऊ इचलकरंजीला कामाला गेला आणि बेपत्ता झाला. हुडकत हुडकत अण्णा तिथल्या दवाखान्यात पोचले तोवर त्याला बेवारस म्हणून जाळून झालं होतं आणि कपडे कचऱ्यात गेले होते. "चप्पल तरी मिळाया पायजे हुती," असं अण्णा एकदाच माझ्याजवळ बोलले होते. त्यानंतर त्यांनी माग विकून जुनी मेटॅडोर घेतली आणि ही गाठोडी ठेवायला लागले.

ती मेटॅडोर त्या उन्हाळ्यात कायमची बसली. तेव्हापासून प्रेतं हातगाड्यावरून जात होती, भर बाजारातून, वर ताडपत्री टाकून. नगरपालिकेने कळवलं होतं की दसऱ्यापर्यंत सोय करा, नाहीतर कचऱ्याचा ट्रॅक्टर पाठवू. हे ऐकल्यापासून अण्णांचं जेवण तुटलं होतं. म्हणून मी 'कृष्णातीर समाजनिधी'कडे अर्ज केला. जिल्ह्यातले डॉक्टर, व्यापारी, अमेरिकेत गेलेली मंडळी एकत्र पैसे घालतात आणि दरवर्षी काही स्थानिक संस्थांना देतात, तो हा निधी. अर्ज आला की त्यांचा एक सभासद पाहणीला येतो आणि तो म्हणेल ते कमिटी करते.

त्या अर्जात एक प्रश्न होता. 'लाभार्थींचा अभिप्राय जोडावा.' मी अण्णांना विचारलं, काय लिहू?

"लिवा," अण्णा म्हणाले, "आजून कुनी माघारी यिऊन तक्रार केल्याली न्हाई."

मी ते सभ्य भाषेत लिहिलं आणि पाहणीला मुकुंदराव टेंबे आले. सांगलीकडचे हळदीचे मोठे व्यापारी. "तुमच्या संस्थेची पाहणी मी मागून घेतली बरं का," ते आल्या आल्या म्हणाले होते. मला त्याचं अप्रूपच वाटलं.

आता ते उठून फळ्यांपाशी गेले. हात पाठीमागे बांधून सावकाश चालत राहिले. पुठ्ठे वाचत होते की नव्हते, कळत नव्हतं. शेवटच्या फळीपाशी जरा थांबले. अण्णांना वाटलं पाहुण्यांना रस आहे, म्हणून ते कौतुकाने सांगायला लागले.

"ह्ये मागल्या पौषातलं. एसटी स्टँडावर गावलं. थंडीनं गेलं. चष्मा हाय, काडीला दोरा गुंडाळल्याला. आन गंमत बगा सायेब, सदऱ्याच्या कॉलरवरलं शिंप्याचं लेबल कापल्यालं. पायजम्याचंबी. कात्रीनं, मन लावून. कुनी कापलं आसंल?"

"टोचतात ती लेबलं," टेंबे म्हणाले. "म्हातारी माणसं कापून घेतात."

मी चहा पुढे केला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमचे वडील आमच्या शाळेत तपासणीला यायचे. विश्वनाथराव टेंबे. नाना म्हणत सगळे. फळ्यावर इतकं सुंदर अक्षर काढायचे की दुसऱ्या दिवशी ते पुसायचं आमच्या जिवावर यायचं. कसे आहेत?"

"बंगळुरूला असतात, धाकट्याकडे." टेंब्यांनी कप घेतला, पण ओठांना लावला नाही. "विसरायला लागलेत आता. पण तिथली हवा मानवते त्यांना."

"माझा नमस्कार सांगा."

"सांगतो ना."

जाताना गाडीपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "नलिनीताई, शववाहिका मिळेल. नवी कोरी. मी शब्द देतो. फक्त ते कोपऱ्यातलं काढून टाका. आरोग्याच्या दृष्टीने बरं नाही आणि कमिटीला घाण खपत नाही. सगळं जाळा, तसा ठराव करा आणि मला कळवा."

खरं सांगते, मला ते पटलं. श्रीमंत माणसाची शिवाशिव, दुसरं काय! एक गाडी मिळत असेल तर चार चिंध्या गेल्या म्हणून काय बिघडलं? अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

टेंब्यांचा फोन तिसऱ्याच दिवशी आला. मी मुलींना मार्जिन लावायला शिकवत होते.

"झालं का ते?"

"अजून नाही. अण्णांची मनाची तयारी..."

"होईल हो. निदान मागच्या थंडीतली तरी आधी काढा. जुन्यांचं काय, ती आता कोरडी झाली असतील."

पुन्हा दोन दिवसांनी फोन. आवाज तोच, लोण्यासारखा. पुन्हा तेच. कमिटीची बैठक दसऱ्याच्या आधी आहे, दोन संस्था रांगेत आहेत, मला तुमचीच पुढे करायची आहे, झालं का? चौथ्या फोननंतर मला प्रश्न पडला. एवढा मोठा माणूस, एवढ्या गोदामांचा मालक, आणि त्याचा जीव आमच्या चिंध्यांत का अडकलाय? पण गाडीचं नाव निघालं की माझी विचारशक्ती खुंटायची, हेही खरं.

मधल्या काळात एक बाई कालव्यात सापडली. तिला नेताना हातगाड्याचं चाक मंडईतल्या खड्ड्यात अडकलं, ताडपत्री सरकली आणि पाय उघडे पडले. भाजीवाल्यांनी तोंडं फिरवली. शाळेतली दोन पोरं हसली. अण्णांनी अंगातला सदरा काढून त्या पायांवर टाकला आणि बनियनवर गाडा ढकलत स्मशानापर्यंत नेला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"करा ठराव," म्हणाले. "पर जाळायचं तर रीतीनं. सर्वपित्रीला, घाटावर. पानी देऊन. त्या सायबास्नीबी बोलवा. बगू दे."

दर सर्वपित्री अमावास्येला अण्णा घाटावर आपल्या माणसांना पाणी देत. वामनगुरुजी दक्षिणा न घेता यायचे. नावं ठाऊक नाहीत म्हणून अण्णा खुणा पुकारत आणि गोत्र ठाऊक नाही म्हणून गुरुजी प्रत्येकाला 'काश्यप गोत्र' म्हणत. ज्याचं गोत्र कळत नाही त्याचं काश्यप, असा शास्त्राचा मोठ्या मनाचा नियम आहे. अण्णांना तो फार आवडायचा. "समदे काश्यप गोत्राचे. म्हंजे एकाच घरातले झाले की," असं ते म्हणत.

त्या दिवशी सकाळी घाटावर ऊन स्वच्छ पडलं होतं. पाणी चढलेलं होतं, गढूळ. पायऱ्यांच्या कडेला लाकडं रचून पेटवली होती आणि गाठोडी हातगाड्यावरून आणली होती, उन्हाळ्यापासून प्रेतं ज्यावरून जात होती त्याच गाड्यावरून. टेंबे वेळेच्या आधी आले. धोतर, खांद्यावर उपरणं, उघडं अंग. "दिवसाचा मान राखावा म्हटलं," ते मला म्हणाले. मला बरं वाटलं. माणूस सुसंस्कृत आहे, असं वाटलं.

"एका पायात जोडवं आसल्याली," अण्णा पुकारले.

"काश्यप गोत्र," गुरुजी म्हणाले. अण्णांनी तिळाचं पाणी सोडलं, एक ओंजळ, आणि गाठोडं आगीत ठेवलं.

"हिरव्या मफलरीचे."

"काश्यप गोत्र."

धूर आमच्याच अंगावर येत होता. अण्णांचे डोळे वाहत होते, ते धुराने की कशाने, मी बघितलं नाही. हातगाडा रिकामा होत चालला. टेंबे माझ्याशेजारी उभे होते आणि त्यांची नजर गाड्यावरून हलत नव्हती. आधी मला ती श्रद्धा वाटली. मग लक्षात आलं की ते गाड्यावर उरलेली गाठोडी मोजताहेत.

तेवढ्यात अण्णा वळले. "सायेब, तुमीबी एकाला पानी द्या. आमच्यात पाव्हन्याला मान आसतो ह्यो."

टेंबे एकदम मागे सरकले. "नको, नको. मला काय त्यातलं..."

"कुनालाबी द्या. त्येला बी बरं वाटंल."

टेंब्यांनी नदीकडे बघितलं, धुराकडे बघितलं. मग हातगाड्याकडे गेले. उरलेल्यांत सगळ्यात वरचं त्यांनी उचललं नाही. त्यांनी तळाशी हात घातला आणि पौषातलं गाठोडं काढलं.

गाठोडं डाव्या हाताने छातीशी धरून ते पायऱ्या उतरले, पाण्यात घोटाभर उभे राहिले, दक्षिणेकडे तोंड केलं. गाठोडं पायरीवर टेकवलं. गुरुजी अजून तांब्या भरत होते, कुणी काही सांगितलं नव्हतं. टेंब्यांनी जानवं आणि उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं, तीळ घेतले आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं.

"काश्यप..." गुरुजींनी सुरुवात केली, पण टेंब्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी दुसरी ओंजळ सोडली. मग तिसरी.

माझं माहेर भटाभिक्षुकांचं. मला एवढं ठाऊक होतं की परक्याला एक ओंजळ देतात. तीन देतात त्या वडिलांना. आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ज्याचे वडील हयात आहेत तो हे करतच नाही. आमचे बाबा होते तोवर माझा भाऊ सर्वपित्रीला घाटावर नुसता काठाला उभा राहायचा, आजोबांनासुद्धा पाणी द्यायचा नाही. चुकून कुणी तीळ हातावर ठेवले तर झटकून टाकायचा. वडील असलेल्या माणसाचे हात त्या तिळांकडे जातच नाहीत.

मी विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं.

"मुकुंदराव, नाना बरे आहेत ना?"

ते वळले. दोन्ही ओल्या हातांची ओंजळ तशीच होती, बोटांतून पाणी गळत होतं आणि तीळ तळव्याला चिकटले होते. त्यांनी आधी हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यावर राग नव्हता, भीती नव्हती. दार लागावं तसा तो बंद झाला.

"बरे आहेत," ते म्हणाले. "मजेत आहेत."

"मग तुम्ही तर्पण..." वामनगुरुजी म्हणाले आणि मधेच थांबले.

"सवय नाही हो. चुकलं." त्यांनी जानवं डाव्या खांद्यावर घेतलं, गाठोडं उचललं आणि झपाझप आगीकडे निघाले.

अण्णा मधे उभे होते. त्यांनी गाठोड्याच्या गाठीला हात घातला.

"ह्ये ऱ्हाऊ द्या, सायेब."

"ठराव झालाय, अण्णा."

"झालाय. ह्ये येक ऱ्हाऊ द्या."

दोघांनी गाठोडं दोन बाजूंनी धरलं होतं. कुणी जोर करत नव्हतं. टेंबे हळूच, समजावणीच्या सुरात म्हणाले, "गाडीचा विचार करा. हातगाड्यावरून किती दिवस? कचऱ्याच्या ट्रॅक्टरमधून जातील तुमची माणसं."

मला अण्णांबद्दल भीती वाटली. एवढ्या वर्षांत त्यांनी कशाचीच अपेक्षा केली नव्हती, एका गाडीशिवाय. ते सोडतील असं वाटलं. सोडलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता.

"त्याचाच इचार करतोय, सायेब," अण्णा म्हणाले. "गाडीत कुनाला न्यायचं त्येच जाळून टाकलं, तर गाडी कशापायी?"

त्यांनी गाठोडं ओढून घेतलं. टेंब्यांनी सोडून दिलं. उपरण्याने बोटं एकेक करून पुसली. पायऱ्या चढताना माझ्याजवळ थांबले.

"नलिनीताई, तुम्ही इन्स्टिट्यूटच्या वरच राहता ना? एकट्याच?"

"हो."

"जिना फार अरुंद आहे तो. जपून चढत उतरत जा."

ते गेले. मी तिथेच पायरीवर बसले. त्यानंतर कितीतरी दिवस मी तो जिना कठड्याला धरून चढत होते, आणि मागे कुणाचं पाऊल वाजलं की थांबून त्याला पुढे जाऊ देत होते.

गुरुजी म्हणत होते, पोलिसांत चला. पण पोलिसांना काय सांगणार? एका माणसाने तीन ओंजळी पाणी सोडलं, हे? कोण लिहून घेणार तक्रार? शेवटी मी दुसरी वाट धरली. बंगळुरूला माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, तिथल्या मराठी मंडळींत वावरणारी. तिने दुसऱ्या दिवशीच शरद टेंब्यांचा नंबर काढून दिला.

फोन मी शेडमधून केला. अण्णा समोर बसले होते, मांडीवर ते गाठोडं घेऊन. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. जुनी विद्यार्थिनी, नानांशी दोन शब्द बोलायचेत.

"नाना?" पलीकडून आवाज आला. मोकळा, घाईतला. "अहो, नाना इथे नसतात. ते दादाकडे. म्हणजे मुकुंददादाने त्यांना पन्हाळ्याकडे एका चांगल्या वृद्धाश्रमात ठेवलंय. फोनवर ते अस्वस्थ होतात म्हणून बोलता येत नाही. पण दादा दर रविवारी जाऊन येतो, सगळं सांगतो मला. परवाच म्हणाला, वजन वाढलंय."

माझी नजर अण्णांच्या मांडीवरच्या गाठोड्यावर गेली.

"हॅलो? तुम्हाला कुणी सांगितलं ते इथे असतात म्हणून?"

"तुमच्या दादांनी," मी म्हटलं.

पलीकडे मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिटी झाली. मग मी सांगितलं. एसटी स्टँड, पौष महिना, थंडी. कापलेली लेबलं. एक चष्मा, काडीला दोरा गुंडाळलेला. सांगताना माझा आवाज बाजारात यादी वाचावी तसा कोरडा झाला होता, नाहीतर मला सांगताच आलं नसतं.

मग अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, "दोरा हिरवा आहे का?"

दोऱ्याचा रंग मी सांगितला नव्हता. मला आठवतच नव्हता. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी गाठ सोडली, चष्मा काढला आणि उजेडात धरला.

"हिरवा," मी म्हटलं.

"मुलीच्या शिवणाच्या डब्यातला आहे. गेल्या वर्षी मीच गुंडाळून दिला होता." आणि मग तो माणूस फोनवर रडायला लागला. मी फोन तसाच कानाशी धरून ठेवला, कारण ठेवून देणं बरं दिसलं नसतं.

शरदराव आले. पंचनाम्यातला फोटो त्यांनी पोलिसांत बघितला, ओळखला, तक्रार दिली. मुकुंदरावांनी आधी सांगितलं की नाना स्टँडवर हात सोडून निघून गेले. मग लेबलांचं विचारल्यावर काहीच सांगितलं नाही. हळदीचा व्यवहार, बायकोची कुरकुर, रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारा म्हातारा, असं बरंच काही नंतर कानावर आलं. मला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. मला सारखं ते फळ्यावरचं अक्षर दिसत होतं, आणि पौषातल्या थंडीत बाकड्यावर बसून मुलाची वाट बघणारा माणूस.

शरदराव परत जायच्या आधी घाटावर गेले. आम्हीही गेलो. त्यांनी गाठोडं पायरीवर ठेवलं, चष्मा त्यावर ठेवला आणि तीळ हातात घेतले. वामनगुरुजींनी सवयीने सुरुवात केली, "काश्यप..."

"नाही," शरदराव म्हणाले. "कौशिक. कौशिक गोत्र. विश्वनाथ."

गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अण्णा कितीतरी वेळ त्या नावाकडे कान देऊन उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या घाटावर नाव घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

समाजनिधीचं नकाराचं पत्र यथावकाश आलं. कारण 'शिस्तीचा अभाव' असं दिलं होतं. कचऱ्याचा ट्रॅक्टर मात्र आला नाही. नगरपालिकेच्या माणसांना हे प्रकरण कळलं होतं आणि त्यांची हिंमत झाली नसावी. हातगाडा चालू राहिला. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या एका निधीचा अर्ज आणला. शेडमध्ये बसून मी प्रश्न वाचत होते आणि अण्णा फळ्या पुसत होते. नवी गाठोडी आली होती, पण शेवटच्या फळीवरची नानांच्या गाठोड्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

"लाभार्थींचा अभिप्राय," मी वाचलं. "गेल्या वर्षीचंच लिहू? कुणी परत येऊन तक्रार केलेली नाही?"

अण्णांनी फडकं झटकलं.

"न्हाई," ते म्हणाले. "औंदा लिवा, एकानं केली."